शेतावरचा जवाई

विचारलं मला होतं. घरोघर तब्येती विचारणारी आशाताई प्रेमिला अंगणात उभी राहून, माझ्याकडे बघून, माझं नाव घेऊन म्हणाली होती, "देवकामाय, बाबूजीची तब्येत कशी आहे जी आता?" आणि मी तोंड उघडायच्या आत न्हाणीतून, अंगाला साबण तसाच असताना, आमच्या गजेंद्रचं उत्तर आलं.

"ठीक आहे. थंडीचा निमोनिया आहे. सुट्टी होऊन जाईल लवकर."

माझ्या या एकुलत्या मुलाची ही खोड आजची नाही. विचारा कोणालाही, उत्तर हा देणार. बँकेतला साहेब मला विचारतो, "आजी, सही की अंगठा?" हा सांगतो, अंगठा. मी दुसरी शिकलेली बाई आहे. वेळ लागतो, रांगेतले लोक खोकतात, पण माझं नाव मी काना-मात्रेसकट लिहिते. लग्नाच्या पंगतीत वाढपी मला विचारतो, "वांगं वाढू का, माय?" हा सांगतो, मायला वांगं चालत नाही. मला चालतं. त्याला चालत नाही.

आणि हाच मुलगा लहानपणी बोलत नव्हता. शेजारणी मुका म्हणायच्या. मी मांडीवर घेऊन, त्याचं बोट धरून, हे धान, हे पाणी, ही गाय, असं एकेक बोलायला लावलं. आता वाटतं, जरा कमी शिकवलं असतं तर चाललं असतं.

"आणि घरात अजून कोनाले ताप, खोकला?" प्रेमिलाने पुन्हा मलाच विचारलं.

"कोनालेच नाही," आतून आवाज.

"भाऊ, मी मायले विचारून राहिली ना."

"मायले काय माहीत? ती घरी असते."

"ऐक वो, प्रेमिला," मी म्हटलं. "मी घरी असते म्हणून मले घरचं माहीत नाही. लिहून घे."

प्रेमिला हसली, निघून गेली. गजेंद्र टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता कपडे घालायला गेला. बाहेरच्यांसमोर त्याला मान फार. फाट्यावर त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि गेल्या साली गावाने त्याला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. अध्यक्ष झाल्या झाल्या त्याने चौकात एक बोर्ड लावला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: 'या गावात कोंबडबाजार भरवणे, झुंजीचे कोंबडे पाळणे बंद आहे. आढळल्यास कारवाई होईल.' खाली त्याचं नाव, बोर्डाच्या अक्षरांपेक्षा मोठं.

मी चुलीपाशी गेले. सून दामिनी दवाखान्यात न्यायचा डबा भरत होती. आदल्या दिवशी तीच गोंदियाला सासऱ्यापाशी बसून आली होती. मला हे लोक नेत नव्हते. गजेंद्रचं म्हणणं, तिथे इन्फेक्शन असतं, बायकांनी गर्दी करू नये. दामिनी बाई नाही वाटतं.

"माय," ती पोळी दुमडत हळूच म्हणाली, "एक सांगू? यायले नका सांगू मी सांगितलं म्हनून."

"सांग."

"बाबूजी ठीक नाहीत. इंजेक्शन लागू पडून नाही राहिले. ताप तसाच, दम तसाच. काल ऑक्सिजन वाढवला."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

"ते चेतना मॅडम आहे ना, डॉक्टर, तिनं दोनदा इचारलं, घरी पक्षी आहेत का म्हनून. कबुतर, पोपट, बदक, कोंबड्या. काही पक्ष्यांपासून माणसाच्या छातीत रोग जाते म्हने. त्याची दवाई येगळी असते."

"मंग?"

"हे म्हनले, आमी शाकाहारी, आमच्या घरी अंडंही येत नाही."

ते खरं होतं. आमच्या चुलीवर कधी अंडं चढलं नाही. खरं बोलून खोटं सांगायची ही तऱ्हा गजेंद्रला समिती चालवून आली असेल.

"दुसऱ्या खेपेले मॅडमनं बाबूजीकडं पाहून इचारलं," दामिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाबूजीनं मास्कमधून बोट उचललं, माय. काही सांगायचं होतं त्यायले. तर यायनं त्यायचा हात धरून खाली ठेवला, न् म्हनले, 'त्यायले बोलायचा तरास नका देऊ मॅडम, मी सांगतो ना.'"

माझे मालक केवळराम. या माणसाबद्दल काय सांगू! उभ्या आयुष्यात कोणाला उलटून बोलले नाहीत. बांधावरून भांडण झालं तर मी भांडायचे, हे पाणी आणून द्यायचे. बिडी नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. एकच नाद. झुंजीचा कोंबडा. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, धान चुरून घरात आलं, की यांचे पाय जंगलाकडे वळायचे. दरेकशाच्या बाजूला डोंगरात कुठे बाजार भरतो, ते यांना वाऱ्यावरून कळायचं. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, कात म्हणजे बोटाएवढं पातं, आणि सोडतात एकमेकांवर. मी यावरून जन्मभर यांना बोलत आले. ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि जायचे.

बोर्ड लागला तेव्हा घरचा कोंबडा शेतावरच्या झोपडीत गेला. लाल मानेचा, काळ्या शेपटीचा, चालताना पुढाऱ्यासारखा पाय टाकणारा. त्याला मी जवाई म्हणायचे, कारण त्याचं खाणंपिणं तसंच होतं. भिजवलेलं धान, लसणाची पाकळी, थंडीत अंगावर पोतं. नाव मी टोमणा म्हणून ठेवलं, यांनी तेच लाडाने उचललं. जवाई शेतावर आहे हे गजेंद्रला माहीत होतं. त्याला माहीत आहे हे यांना माहीत होतं. बाप-लेक जेवायला शेजारी बसायचे आणि उन्हाळी धानाला पाणी कधी सुटेल यावर बोलायचे.

यंदा जंगलातल्या बाजारातून हे एक दुसरा कोंबडा घेऊन आले. तो आल्यापासूनच मान टाकून होता, आणि तसाच मरून गेला. मग जवाईचे डोळे चिकटायला लागले, नाक वाहायला लागलं, घशात घुरघुर, हिरवी घाण. मी भाकर घेऊन शेतावर गेले तेव्हा या डोळ्यांनी बघितलं. हे उकिडवे बसले होते. जवाईची चोच त्यांनी स्वतःच्या तोंडात घेतली होती, आणि त्याच्या नाका-घशातलं ओढून ओढून बाजूला थुंकत होते. मग तोंडात पाणी भरून त्याच्या तोंडावर फुर्रकन उडवलं. झुंजीत घशात रक्त साचलं की सगळे कोंबडेवाले असंच करतात. त्यात त्यांना माया वाटते.

"थू तुमच्या!" मी ओरडले होते. "मी शिंकली तर तोंडावर पांघरून घेता तुमी, न् याचा शेंबूड गोड लागून राहिला!"

"त्याले दम येत नाही वो," हे म्हणाले. "तो कोनाले सांगीन?"

त्यानंतर ताप आला यांनाच.

हे सगळं गजेंद्रला माहीत होतं. डॉक्टरने विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोंबडा आला नसेल असं मी मानत नाही. आला, आणि मागून बोर्ड आला.

दामिनीला म्हटलं, "डबा झाकून ठेव. मी शेतावरून येतो."

"शेतावर कायले, माय?"

"जवाईले पाहाले. डॉक्टरीनबाई इचारीन, कसा आहे कोंबडा, तर मले पाहून सांगू दे. पाहिल्याबिगर सांगनारे घरात एक पुरे."

बोदलकशाच्या तलावाच्या बाजूने आमचं शेत. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळीच्या पिकाला निळी फुलं आली होती. झोपडीपाशी गेले तर पिंजरा उघडा. आत पाण्याचं भांडं कोरडं. जमिनीवर लाल-काळी पिसं मातीत चिकटलेली.

नहराच्या पलीकडे शामकलेचं घर. ती आमच्याकडे कामाला येते, धानाच्या रोवणीपासून गोठ्यापर्यंत सगळं बघते. दोन दिवसांपासून ती आली नव्हती आणि मी मनात तिला आळशी ठरवून ठेवलं होतं. दारातून बघितलं तर भिंतीला टेकून बसलेली, कपाळाला फडकं करकचून बांधलेलं, आणि खोकला असा की पोटातून ओढून काढतोय.

"काय झालं गे?"

"डोकं फुटून राहिलं, माय. अंगात आग आहे. उठलं का अंधारी येते."

"जवाई कुठं आहे?"

ती खाली बघायला लागली. "भाऊनं सांगितलं, कोनाले सांगू नको."

"भाऊचा बाप दवाखान्यात आहे, न् भाऊची माय तुया समोर उभी आहे. बोल."

"बाबूजीले तिरोड्याच्या डॉक्टरकडं नेलं ना, त्याच दिवशी. भाऊ आले, कोंबड्याची मान मुरगळली, न् मले म्हनले, घरी घेऊन जा, पिसं जाळून टाक, कोंबडा आपल्याकडं होता असं कोनाले बोलजो नोको. भाऊनं देल्लं, मंग नाही कशी म्हनू? कैलाशले रांधून देल्लं." कैलाश तिचा नवरा. "सोललं मीच. लय घान होती, माय, नाकात गेली पिसं. मले खावावलं नाही."

"कैलाश बरा आहे?"

"त्याले काही नाही झालं. मलेच झालं."

मी तिथेच दारात टेकले. गोंदियाला नेईपर्यंत हे घरच्या खाटेवरून रोज विचारायचे, "जवाई दाना खाते का?" आणि गजेंद्र रोज सांगायचा, "खाऊन राहिला, बाबूजी, मस्त आहे." मेलेला कोंबडा दाणे खात होता. एक भरडला जाणारा बाप आणि एक भरडली जाणारी बाई, आणि मध्ये माझ्या मुलाची अब्रू, पाय धुऊन खुर्चीत बसलेली.

"उठ," मी म्हटलं. "लुगडं बदल. गोंदियाले जायचं आहे."

"मी कायले? माया जवळ काही..."

"तुले इचारलं का मी? उठ."

फाट्यावरचा ऑटो बोलावला. शामकलेला आत बसवते तोच गजेंद्र दुकानातून धावत आला. आधी शामकलेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माय, कुठं निघाली?"

"दवाखान्यात."

"मी जाऊन राहिलो ना. तू काय करशीन तथी?"

"उत्तर देईन."

"माय, ऐक. हिले कायले नेऊन राहिली? लोक पाहून राहिले. इथंच दवाई आणून देतो हिले. माय, समितीची बैठक आहे परवा, कोनाले कळलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

"ज्या तोंडानं खोटं बोललास तेच दाखवजो. चल गा, ऑटो काढ."

तो मोटरसायकलवर मागून आला. सगळी वाट मला ऑटोच्या आरशात दिसत होता, कधी जवळ, कधी लांब.

दवाखान्याच्या दारात शिपायाने हिंदीत अडवलं, "माताजी, अभी मिलने का टाइम नहीं है." मी म्हटलं, "मिलने नहीं आयी, भर्ती कराने आयी," आणि शामकलेला पुढे केलं. ती इतकी खोकली की तोच बाजूला झाला.

यांना बघितलं. नाकातोंडावर प्लॅस्टिकचा मास्क, छाती भात्यासारखी वरखाली, गालाची हाडं वर आलेली. डोळे मिटलेले होते. मी पायाला हात लावला तसे उघडले. ओळखलं.

शेजारच्या खाटेपाशी खुशालभाऊ बसले होते, आमच्या शेजारच्या गावचे. त्यांचा भाऊ भरती होता. हा माणूस बातमी घेऊन पायी दोन गावं जाईल पण पोटात ठेवणार नाही. गजेंद्र माझ्या मागून आला, माझ्या कानाशी वाकला. "माय, खुशालभाऊ बसले आहेत. बाहेर चल, बाहेर बोलू मॅडमशी."

तेवढ्यात चेतना मॅडम आली. वयाने दामिनीहून लहान असेल, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिने नळी कानाला लावली, यांची छाती ऐकली, आणि ओठ दाबून कागदाकडे बघत राहिली.

"बाई," मी म्हटलं, "मी यायची बायको. तुमी इचारलं होतं, घरी पक्षी आहेत का. तो प्रश्न आता मले इचारा."

तिने वर बघितलं. "आजी, घरी कोणते पक्षी आहेत?"

"नाही मॅडम," गजेंद्र म्हणाला, "माय म्हातारी आहे, तिले काही..."

"भाऊ," डॉक्टर म्हणाली, "मी आजींना विचारलं."

त्या मुलीचं भलं होवो. हे वाक्य माझ्या घरात इतकी वर्षं कोणी बोललं नव्हतं.

"घरी नाही, शेतावर," मी म्हटलं. आवाज खाली आणला नाही. मला खालच्या आवाजात बोलता येत नाही, आणि त्या दिवशी बोलायचंही नव्हतं. "झुंजीचा कोंबडा होता. यायचा. तो बिमार पडला, नाक वाहे, डोरे चिपके, हिरवं हागे. हे त्याची चोच तोंडात घेऊन शेंबूड ओढत होते. मी पाहिलं. मंग यायले ताप आला. मंग माया पोरानं त्याची मान मुरगळून या बाईले देल्ला, हिनं सोलला, न् आता हिले ताप आहे. याच्यात काही राहिलं असंल तर माया पोराले इचारा, त्याले सारं माहीत आहे."

खुशालभाऊंची मान खाटेवरून पुढे आली होती.

"खुशालभाऊ," मी म्हटलं, "जवळ येऊन बसा. लांबून अर्धं ऐकाल, न् चौकात चुकीचं सांगाल."

खुशालभाऊंनी पंच्याने तोंड पुसलं आणि खाली बघितलं.

डॉक्टर मात्र हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "आजी, मी पोलीस नाही. मला एवढंच पाहिजे होतं." मग तिने समजावलं. रोगाचं इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या जिभेला वळलं नाही. पोपटांपासून होतो म्हणून लोक त्याला पोपटाचा ताप म्हणतात, पण कबुतर, बदक, कधीमधी कोंबड्यांपासूनही होतो. त्यांच्या नाकातल्या पाण्यात, वाळलेल्या घाणीत जंतू असतात, श्वासातून फुप्फुसात उतरतात. "इतक्या जवळून तोंड लावलं तर..." ती थांबली. "नेहमीच्या निमोनियाचं औषध यावर चालत नाही. नमुने तपासायला पाठवते, पण त्याची वाट बघत बसणार नाही. औषध आत्ताच बदलते. हे आधी कळलं असतं तर..."

तिने तेही वाक्य अर्धं सोडलं. मी गजेंद्रकडे बघून ते मनातल्या मनात पुरं केलं. त्यालाही ऐकू गेलं असावं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

तिने शामकलेला बसवलं, पाठीला नळी लावली, छातीचा फोटो काढायला पाठवलं. "वेळेवर आणलंत," मला म्हणाली. शामकला घाबरून माझं लुगडं धरून होती. आयुष्यात तिला कोणी खुर्ची दिली नव्हती, त्या दिवशी चाकांची खुर्ची मिळाली.

मी यांच्या कानाशी वाकले. "पोरानं हात धरला तर काय झालं! दुसरा हात नव्हता का तुमाले?"

मास्क वाफेने पांढरा झाला. आतून तुटक आवाज आला. "पोराची... इज्जत..."

"इज्जत! तुमी मेले असते तर त्याच बोर्डाखाली श्रद्धांजलीचा फलक लावला असता त्यानं. आपलं नाव मोठ्या अक्षरात टाकून."

यांचे डोळे बारीक झाले. हसत होते. मग खोकला आला, नर्स धावत आली आणि मला रागावली. मी ऐकून घेतलं. नर्स गेल्यावर यांनी हात उचलला, बोटं पसरून कपाळावर धरली, तुऱ्यासारखी. जवाई कसा आहे, असं विचारत होते.

"आधी तुमी दम घ्या," मी म्हटलं. "घरी चला. घरी सांगतो."

औषध लागू पडलं. ताप उतरला, मास्क सुटला, पण छातीने जे गमावलं ते परत मिळालं नाही. डॉक्टरने सांगितलं, जपून राहा, धुळीत जायचं नाही, हळूहळू थोडं भरून येईल. थोडं. शामकला गोळ्यांवर घरी आली, पण अंगातलं बळ गेलेलं. घागर उचलली की बसायची.

खुशालभाऊंनी आपलं काम चोख केलं. आम्ही घरी यायच्या आधी बातमी पोचली होती. चौकातल्या निळ्या बोर्डावर गजेंद्रच्या नावाशेजारी कोणीतरी खडूने कोंबडा काढला, तुऱ्यासकट, छान काढला होता. गजेंद्रने तो पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. जनावरांच्या दवाखान्याचे लोक येऊन झोपडीत चुना टाकून गेले. गजेंद्र दुकानात मागच्या बाजूला बसायला लागला आणि घरात माझ्याशी बोलेना. दामिनीजवळ म्हणाला, "मायनं भर वॉर्डात माझी इज्जत काढली." दामिनीने मला सांगितलं. मी म्हटलं, "इज्जत होती ती त्यानं शामकलेच्या हातात मुरगळून देल्ली होती. मी फक्त परत आणली."

मोहफुलं पडायला लागली त्या दिवसांत हे घरी आले. सकाळच्या उन्हात अंगणात खाट टाकून दिली. दामिनी शामकलेसाठी डबा बांधत होती, दोन्ही वेळचं आम्हीच देत होतो. गजेंद्र दुकानाला निघायचा म्हणून बूट घालत ओसरीवर बसला होता.

यांनी बंडीच्या खिशात हात घातला. मुठीत धान होतं. धान साठवायच्या ढोलीतून कधी घेतलं कोणास ठाऊक, उठून तिथवर जायलाही यांना दोनदा बसावं लागत होतं. मान शेताच्या दिशेला वळवली आणि घशातून ती जुनी हाक काढायला गेले, "आ... आ... आ..." ही हाक आली की जवाई कुठेही असो, पंख पसरून धावत यायचा. पहिल्या 'आ'लाच दम सरला. छातीवर हात ठेवून बसले. मग माझ्याकडे बघितलं.

"देवका, जवाई कसा आहे वो? शामकला दाना टाकते ना?"

विचारलं मला होतं. माझं नाव घेऊन.

"त्याले कोल्ह्यानं नेलं, बाबूजी," ओसरीवरून उत्तर आलं. "आपन दुसरा..."

मी यांच्या खाटेवर बसले. मुठीवर हात ठेवला.

"कोल्ह्यानं नाही," मी म्हटलं. "तुमच्या पोरानं मारला. तुमी तिरोड्याले डॉक्टरकडं होते त्याच दिवशी. न् शामकलेले सोलायले देल्ला. ती त्याच्यानंच पडली."

यांनी मूठ उघडून दाणे परत खिशात घातले, एकही खाली पडू न देता.

गजेंद्र बुटाची नाडी धरून तसाच बसला होता. मी उठले, दामिनीच्या हातून डबा घेतला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"गजेंद्र, वर पाह्य. बोलनं तुले मी शिकवलं, माया मांडीवर. ते तुयासाठी शिकवलं, तुया बापाच्या तोंडातलं काढून घ्यायसाठी नाही. उत्तर द्यायची तुले लय हौस आहे ना? मंग हे घे. शामकला आपल्या पायानं चालत या अंगनात येईन, तोवर तिचा डबा रोज तू नेशीन. गाडीवर नाही, पायी. आडवाटेनं नाही, चौकातून, तुया बोर्डाच्या खालून. कोनी ना कोनी इचारीनच, गजेंद्रभाऊ, हा कोनाचा डबा? तवा थांबजो, न् उत्तर देजो. खरं उत्तर. तुलेच इचारलं असंल, दुसरा कोनी नाही बोलनार."